कोड कोणीही लिहो, जबाब कोण देणार?

कसलेल्या प्रोग्रामरनी कोड लिहायला एआय वापरावं का, या वादात सध्या दोनच आवाज मोठे आहेत. एक म्हणतो, जो वापरणार नाही तो दोन वर्षांत घरी बसेल. दुसरा म्हणतो, जो वापरतो तो मुळात प्रोग्रामरच नव्हे. पहिल्यात धाक आहे, दुसऱ्यात तोरा आहे, आणि विचार दोन्हीकडे पातळ आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: वापरावं. पण वेग वाढतो म्हणून नाही, आणि सरसकट तर मुळीच नाही. टूलने दिलेला कोड बरोबर आहे की चूक हे जिथे आपलं आपल्याला ठरवता येतं, तिथे वापरावं. जिथे ते ठरवता येत नाही, तिथे आधी ती पारख कमवावी. कसलेल्या माणसाकडे ही पारख असते, म्हणून या टूलचा खरा उपयोग त्यालाच आहे. आणि त्यानेच हात झटकले, तर ते सगळ्यांना महागात पडेल असं मला वाटतं.

समर्थकांचा लाडका दाखला इतिहासातला आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये पहिल्या कंपायलरांपैकी, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या सूचनांत बदलणाऱ्या प्रोग्रामांपैकी, एक तयार केला, तेव्हा संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम काय लिहिणार, असं लोक म्हणत होते. पुढे जॉन बॅकस यांच्या आयबीएममधल्या टीमने १९५७ मध्ये फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आणली. मशीनच्या भाषेत मुरलेल्या प्रोग्रामरांना वाटायचं, आमच्या हातच्या कोडची सर या यंत्राने काढलेल्या कोडला कधीच येणार नाही. ही शंका बॅकस यांनी इतकी मनावर घेतली, की कंपायलरने काढलेला कोड वेगात हातच्या कोडच्या जवळपास जावा यावरच टीमने सगळा जोर लावला. ते साधलं, आणि काही वर्षांत बहुतेकांनी असेंब्ली, म्हणजे मशीनच्या जवळची भाषा, सोडली. मग आजचे विरोधक म्हणजे तेव्हाचे असेंब्लीवालेच नाहीत का? समर्थकांचा प्रश्न हा, आणि त्यांच्या मते वाद इथेच संपतो.

मी समर्थकांच्याच बाजूचा आहे, तरी हा दाखला मला मान्य नाही. कंपायलरवर आपण विश्वास ठेवतो तो त्याच्या हुशारीमुळे नाही. भाषेतल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो आणि कंपायलर त्या अर्थाला बांधलेला असतो, म्हणून ठेवतो. तोच कोड, तीच आवृत्ती आणि त्याच सेटिंग्ज दिल्या तर वागणूक तीच निघायला हवी. वेगळी निघाली तर तो कंपायलरमधला बग, आणि तो बग म्हणून दुरुस्त होतो. म्हणून कंपायलरने काय काढलं हे आपण रोज उघडून बघत नाही. प्रॉम्प्टचं, म्हणजे एआयला साध्या भाषेत दिलेल्या सूचनेचं, तसं नाही. ‘ग्राहकाची जुनी माहिती काढून टाक’ या वाक्याला ठरलेला अर्थ नाही. जुनी म्हणजे किती जुनी? काढायची म्हणजे पुसायची, की फक्त दाखवायची नाही? त्या ग्राहकाची बिलंही त्यात आली का? टूल यातला एक अर्थ निवडतं आणि निवडला हेही अनेकदा सांगत नाही. उद्या तेच वाक्य दिलं तर दुसराच अर्थ निवडू शकेल. त्यामुळे प्रॉम्प्ट हा नवा सोर्स कोड झाला, आता कोड वाचायचं कारण नाही, हे म्हणणं साफ चूक आहे. सोर्स कोड अजूनही कोडच आहे. तो कोणीतरी वाचायलाच हवा.

मग सगळं वाचायचंच असेल तर स्वतःच का लिहू नये? विरोधकांचा हा प्रश्न खरा आहे, आणि समर्थक तो नेहमी टाळतात. दुसऱ्याचा कोड नीट वाचणं हे स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड असतं, हे या धंद्यातल्या कोणालाही पटेल. त्याला आकड्यांचाही आधार आहे. मीटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, प्रकल्पांवरच्या १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामं दिली. काही कामं एआयच्या मदतीने करायची, काही मदतीशिवाय, आणि कोणतं कसं करायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. एआयच्या मदतीने केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. वेळ २४ टक्क्यांनी वाचेल असा त्यांचा आधीचा अंदाज होता, आणि काम संपल्यावरही २० टक्के वाचला असंच त्यांना वाटत होतं. मला यात १९ टक्क्यांपेक्षा ही शेवटची गोष्ट जास्त गंभीर वाटते. हात मोकळे राहिले की काम हलकं झाल्यासारखं वाटतं, आणि ते हलकेपण माणूस वेग समजून बसतो. ‘माझं काम दुप्पट झालं’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो, पण त्याची साक्ष पुरावा म्हणून चालत नाही.

मात्र हा अभ्यास एआय निरुपयोगी असल्याचा दाखला म्हणून फिरवला जातो, तेही बरोबर नाही. ती माणसं स्वतः वर्षानुवर्षं सांभाळलेल्या, सरासरी दहा लाख ओळींहून मोठ्या प्रकल्पांवर काम करत होती. कुठे काय आहे, कोणती गोष्ट तशी का आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि टूलला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. याच्या उलट टोकाला कोड साठवण्याचं संकेतस्थळ चालवणाऱ्या गिटहबने आपल्या कोपायलट या कोड लिहिणाऱ्या एआय टूलसाठी केलेला प्रयोग आहे. त्यात ९५ जणांना जावास्क्रिप्ट या भाषेत नवाकोरा एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्यांना उत्तर देणारा प्रोग्राम, लिहायचा होता, आणि कोपायलट असलेल्यांचं काम सुमारे ५५ टक्के कमी वेळात झालं. प्रयोग टूल बनवणाऱ्यांचाच आहे, हे ध्यानात ठेवू. तरी दोन्ही निकाल खरे असू शकतात. कोरी पाटी, हजारो वेळा लिहून झालेला प्रकार आणि चाललं की नाही हे लगेच कळतं, अशा ठिकाणी टूल जिंकतं. जुना, गुंतागुंतीचा, न लिहिलेल्या अटींनी भरलेला कोड असेल आणि त्या अटी आपल्याला तोंडपाठ असतील, तर टूल आडवं येतं. ‘वापरावं का’ या प्रश्नाला एकच उत्तर मागणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

माझ्या मते कसलेल्या माणसाने या टूलकडे सर्वात आधी न्यावीत ती कामं वेगळीच आहेत: जी आपण आजवर केलीच नाहीत. जुन्या मॉड्यूलला (प्रोग्रामच्या भागाला) टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्राम, नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वेळ कोणाला असतो? अनोळखी भाषेतल्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) एक कॉल नेमका कुठून कुठे जातो, हे शोधायला दोन दिवस लागणार म्हणून आपण अंदाजावर भागवतो. लाखो ओळींच्या लॉगमधून (प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींमधून) नमुना काढणारी, एकदाच वापरून फेकायची स्क्रिप्ट लिहायचा कंटाळा येतो, म्हणून बग तसाच राहतो. इथे टूल दहा मिनिटांत काहीतरी हातात देतं, आणि ते बरोबर आहे का हे तपासणं लिहिण्यापेक्षा खरोखर सोपं असतं. टेस्ट मुद्दाम कोड मोडून बघता येते: मोडल्यावर टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाली नाही तर ती टेस्ट नव्हेच. स्क्रिप्टचे आकडे दोनचार नोंदी हाताने मोजून पडताळता येतात. तपासणं स्वस्त आणि लिहिणं महाग, हे गणित जिथे जुळतं तिथे संकोच कशाला?

आता उलट गणिताचं एक उदाहरण जवळून बघू. पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे कापणाऱ्या सेवेला) विनंती पाठवायची आणि ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायची, एवढंच काम. टूलला सांगितलं की ते छान कोड देतं: तीन प्रयत्न, दर प्रयत्नागणिक दुप्पट थांबणं, लॉगमध्ये नोंद, व्हेरिएबलची नावं नीटनेटकी. टेस्टही हिरव्या होतात, कारण टेस्टमधला खोटा गेटवे उत्तर देत नाही तेव्हा पैसेही कापत नाही. पण उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं नसतं. खऱ्या गेटवेने पैसे कापलेले असू शकतात आणि फक्त निरोप वाटेत हरवलेला असू शकतो. मग दुसरी विनंती पुन्हा पैसे कापते. ज्याला हे माहीत आहे तो म्हणतो, प्रत्येक व्यवहाराला एक वेगळी किल्ली दे, म्हणजे गेटवे पुन्हा आलेली विनंती ओळखेल. टूल मान डोलावतं आणि किल्ली तयार करणारी ओळ घालतं, आणि ती लूपच्या, म्हणजे दर प्रयत्नाला पुन्हा चालणाऱ्या कोडच्या, आत पडू शकते. मग दर प्रयत्नाला नवी किल्ली तयार होते आणि गेटवेच्या दृष्टीने ते तीन वेगळे व्यवहार ठरतात. ओळ एक पायरी वर, लूपच्या बाहेर असायला हवी होती. शिवाय प्रोग्राम मधेच बंद पडला तर सुरू झाल्यावर तीच किल्ली सापडावी, म्हणून ती पहिल्या प्रयत्नाच्या आधी डेटाबेसमध्ये लिहून ठेवायला हवी होती. हा कोड वाचताना डोळा ‘किल्ली आहे’ एवढं बघून पुढे जातो. ती कुठे आहे हे बघायला, पूर्वी कधीतरी असा दुहेरी कपात झालेला व्यवहार निस्तरलेला माणूस लागतो.

इथे विरोधक म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगत होतो. पण ही चूक एआयने शोधून काढलेली नाही. माणसं ती पूर्वीपासून करत आली आहेत. २०१४ मध्ये उघडकीला आलेला हार्टब्लीड हा ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती कूटबद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला दोष माणसानेच लिहिला होता आणि माणसानेच तपासून आत घेतला होता. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, हे कोडमध्ये पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे इंटरनेटच्या मोठ्या भागाची गुपितं दोन वर्षं उघडी राहिली. हाताने लिहिलेला कोड म्हणजे समजून लिहिलेला कोड, हे समीकरण कधीच खरं नव्हतं. फरक पडतो तो चुका किती वेगाने तयार होतात आणि त्या किती सफाईदार दिसतात यात. पूर्वी गोंधळलेल्या माणसाचा कोड गोंधळलेला दिसायचा आणि रिव्ह्यू करणारा सावध व्हायचा. आता चुकीचा कोडही बरोबर कोडच्याच कपड्यांत येतो. हा फरक मोठा आहे, आणि माझ्या मते विरोधकांनी याच मुद्द्यावर जास्त जोर द्यायला हवा.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये केलेल्या एका अभ्यासात, एआयची मदत घेणाऱ्यांनी सुरक्षेच्या दृष्टीने कमकुवत कोड लिहिला, आणि आपला कोड सुरक्षित आहे असं त्यांनाच जास्त वाटत होतं. एवढा भाग सगळे सांगतात. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मागे पडतो: ज्यांनी टूलवर कमी विश्वास ठेवला आणि आपली मागणी कशी मांडायची यावर मेहनत घेतली, त्यांच्या कोडमध्ये दोष कमी निघाले. म्हणजे वापरणाऱ्याची वृत्ती निकाल बदलते. याचं आणखी ठळक उदाहरण कर्ल या प्रकल्पाचं आहे. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारं हे सॉफ्टवेअर जगभरच्या असंख्य उपकरणांत आहे. त्याचे मुख्य विकासक डॅनियल स्टेनबर्ग एआयने पाडलेल्या खोट्या सुरक्षा अहवालांनी हैराण झाले. नसलेली फंक्शन्स, नसलेले दोष आणि वर बक्षिसाची मागणी. दर अहवालामागे स्वयंसेवकांचे तास वाया. त्याच कर्लमध्ये २०२५ च्या सप्टेंबरात एका जाणकाराने एआयवर चालणाऱ्या तपासणी टूल्सचा आधार घेऊन खऱ्या दोषांची लांबलचक यादी पाठवली, आणि स्टेनबर्ग यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. कोड एकच, तंत्रज्ञानही त्याच जातीचं. एका हातात त्याचा कचरा झाला, दुसऱ्या हातात त्याने माणसांच्या नजरेतून सुटलेलं पकडलं.

माझ्या बाजूला सर्वात जड जाणारा आक्षेप मात्र वेगळा आहे. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाऊर यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं, की प्रोग्राम म्हणजे कागदावरचा मजकूर नव्हे. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जी समज तयार होते ती खरी निर्मिती. समज असलेली माणसं निघून गेली की कोड उरतो, पण प्रोग्राम मरतो. हे मला शंभर टक्के पटतं. आणि समज लिहिता लिहिताच येते, हेही बऱ्याच अंशी खरं आहे. एखादं नाव सुचत नाही तेव्हा कळतं की ती संकल्पनाच अजून धूसर आहे. दोन फंक्शन्समध्ये तेच तेच लिहावं लागतं तेव्हा कळतं की रचना चुकली. टूलला असा अडखळा जाणवत नाही. ते तीच चुकीची रचना न कुरकुरता चाळीस ठिकाणी लिहून देतं. म्हणून ज्या भागात व्यवहाराचे नियम ठरतात, पैसे हलतात, कोणाला काय दिसावं हे ठरतं, तो गाभा हातानेच लिहावा असं माझं स्पष्ट मत आहे. तो लिहिताना जाणारा वेळ हा समजेसाठीच दिलेला असतो. मात्र प्रत्येक कोडला ही किंमत मोजण्यात अर्थ नाही. सेटिंग्ज वाचणारी फाइल, एका रूपातली माहिती दुसऱ्या रूपात नेणारा कोड, फॉर्मचे वीस रकाने: यातून कोणती समज निपजणार होती? आणि जगातला पुष्कळ कोड असा आहे की त्याची समज असलेली माणसं केव्हाच निघून गेली. तिथे ती समज पुन्हा उभी करायला, प्रश्न विचारत विचारत वाचायला, हे टूल मला वरदान वाटतं; फक्त त्याचं प्रत्येक उत्तर कोडशी ताडून बघायला हवं.

कौशल्य गंजण्याचा मुद्दा याच्याच पाठोपाठ येतो. स्वयंचलित यंत्रणांवर संशोधन करणाऱ्या लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच हा पेच मांडला होता: यंत्र सोपं काम करतं आणि अवघड प्रसंग माणसावर सोडतं, पण सोप्या कामाचा सराव गेल्यामुळे माणूस त्या प्रसंगाला नालायक झालेला असतो. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, आणि हातात आलेलं विमान वैमानिकांना सावरता आलं नाही. २२८ माणसं गेली. यावरून ऑटोपायलट काढून टाका, असं विमान क्षेत्राने म्हटलं का? नाही. अमेरिकेच्या विमान नियामकाने २०१३ मध्ये कंपन्यांना सांगितलं, की योग्य वेळी वैमानिकांना हाताने विमान चालवू द्या, तसं उत्तेजन द्या. आपल्याकडे असं सांगणारं कोणी नाही. प्रोग्रामरने आपला हाताचा सराव आपणच राखायचा आहे: दर आठवड्याला काही अवघड काम टूल बंद करून करायचं, डीबगिंगमध्ये, म्हणजे बग शोधताना, पहिला तर्क स्वतः मांडायचा आणि मगच विचारायचं. कोणी म्हणेल, डेडलाइनच्या रेट्यात हे टिकणार नाही. अवघड आहे हे मान्य. पण हा रेटा टूल सोडून दिल्याने कमी होत नाही.

कोडच्या परवान्यांच्या (तो कोणी कसा वापरावा याच्या अटींच्या) आणि नीतीच्या प्रश्नावर थोडक्यात. ही टूल्स लाखो लोकांच्या कोडवर घडवली गेली आणि त्यांना कोणी विचारलं नाही. ही तक्रार न्याय्य आहे. लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या जेंटूसारख्या प्रकल्पाने २०२४ मध्ये एआयने लिहिलेलं योगदान घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि त्यांच्या दारात त्यांचा नियम पाळायलाच हवा. तिथे लपूनछपून असा कोड घुसवणारा माणूस कितीही कुशल असो, तो विश्वासघात करतो.

मला खरी काळजी नवख्यांची वाटते. पारख हा या सगळ्या युक्तिवादाचा कणा आहे, आणि पारख येते ती चुकीचा कोड लिहून, रात्रभर त्यामागे बसून, शेवटी ती एक ओळ सापडल्यावर. ती वाटच बंद झाली तर पुढचे कसलेले लोक कुठून येणार? माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. पण अर्धं उत्तर रिव्ह्यूमध्ये आहे, असं मला वाटतं. पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल आत घेण्याची विनंती) आली की ‘हे एआयने लिहिलं का’ असं विचारून उपयोग नाही. ‘ही किल्ली लूपच्या आत का आहे?’ असं विचारावं, आणि उत्तर लिहिणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत द्यावं. ते देता आलं नाही तर कोड आत जाणार नाही, मग तो कोणीही लिहिलेला असो. हा नियम सिनिअरना आधी लागू व्हावा, कारण ज्युनिअर ऐकण्यापेक्षा बघून शिकतात.

असे नियम कोणीतरी ठरवावे लागतात, आणि कसलेले लोक या टूलपासून लांब राहिले तर ते दुसरेच कोणी ठरवतील. ‘आपल्याकडचा किती टक्के कोड एआयने लिहिला’ हा आकडा आता कंपन्या अभिमानाने मिरवतात. ओळी मोजून काम मापणं किती फसवं आहे हे या धंद्याला केव्हाच कळलं होतं. तेच माप नव्या नावाने परत आलं आहे. त्याऐवजी आत घेतलेल्या बदलांपैकी किती महिन्याभरात मागे घ्यावे लागले, बिघाड झाला तेव्हा त्या भागाचं कामकाज समजावून सांगणारा माणूस टीममध्ये होता का, रिव्ह्यूला पूर्वीइतका वेळ मिळतो का, हे विचारायला हवं. हे प्रश्न वजनाने विचारायला ही टूल्स रोज हाताळलेली आणि ती कुठे घसरतात हे बारकाईने पाहिलेली माणसंच लागतील. ज्याने ती कधी हातातच घेतली नाहीत, त्याला बैठकीत ‘तुम्ही वापरून बघितलंय का?’ एवढं विचारून गप्प बसवता येतं.